नेमलेले पुस्तक आणि त्यावरचे कुलूप

कादंबरी वाचणाऱ्याला निवड असते. एका दुकानात नाही मिळाली तर दुसऱ्यात, अ‍ॅपवर नाही उघडली तर ग्रंथालयात, आणि कुठेच नाही जमले तर तो दुसरी कादंबरी हातात घेतो. विद्यार्थ्याला ही मुभा नाही. त्याचे पुस्तक अभ्यास मंडळाने किंवा प्राध्यापकांनी नेमलेले असते, परीक्षा त्यावरच होते आणि परीक्षेची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. बरे, संगणकही त्याने निवडलेला नसतो. थोरल्या भावाने वापरून झालेला लॅपटॉप, कॉलेजच्या प्रयोगशाळेतले लिनक्सवर चालणारे यंत्र, नाहीतर घरात सगळ्यांत मिळून असलेला एक अँड्रॉइड फोन. जे आहे त्यावर अभ्यास करायचा.

म्हणजे पुस्तक ठरवले शिक्षकांनी, यंत्र ठरवले घरच्या परिस्थितीने, आणि या दोघांचे जमणार की नाही हे ठरवले फाइलचा फॉरमॅट बनवणाऱ्या कंपनीने. ज्याला ते पुस्तक वाचायचे आहे त्याला यातल्या एकाही ठिकाणी कोणी विचारलेले नसते. ई-पुस्तके आली तेव्हा दप्तराचे ओझे कमी होईल, पुस्तके स्वस्त होतील, खेड्यातल्या मुलालाही शहरातल्याइतकीच मिळतील, असे सांगितले गेले. त्यातले बरेच खरेही झाले. पण कोणत्या यंत्रावर कोणते पुस्तक उघडते हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे सुटलेला नाही. त्याने फक्त रूपे बदलली.

‘फाइल उघडत नाही’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागची कारणे तीन असतात आणि ती एकमेकांत मिसळली की उपायही चुकतात. पहिले कारण फॉरमॅटचे. पुस्तक ज्या पद्धतीने साठवले ती पद्धत एका कंपनीची खासगी असते आणि तिचेच सॉफ्टवेअर ते वाचू शकते. दुसरे कारण कुलपाचे. पद्धत सर्वांना खुली असते, पण फाइल सांकेतिक करून ठेवलेली असते आणि तिची किल्ली एका कंपनीकडे असते. तिसरे कारण अक्षरांचे. फाइल उघडते, पान दिसतेही, पण आतला मजकूर संगणकाच्या लेखी मजकूर नसतोच. हे तिसरे कारण आपल्या भाषांच्या वाट्याला विशेष आले आहे.

सुरुवात मात्र खुलेपणाने झाली होती. १९७१ साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित केला आणि त्यातून पुढे प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभा राहिला. त्या फाइलींमध्ये साध्या अक्षरांखेरीज काही नव्हते. म्हणून पन्नास वर्षांत यंत्रांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या तरी तसा मजकूर कुठेही उघडतो. १९९३ मध्ये अ‍ॅडोबीने पीडीएफ आणले. छापील पान जसेच्या तसे दुसऱ्या संगणकावर दिसावे हा त्याचा हेतू होता आणि तो उत्तम साधला. पीडीएफ बरीच वर्षे कंपनीच्या मालकीचे होते, पण त्याचा आराखडा प्रसिद्ध होता, आणि २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. आज विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड अशा सगळ्यांवर ते उघडते.

खरा गोंधळ २००० नंतरचा. मायक्रोसॉफ्टने ‘रीडर’ आणले, त्याची फाइल ‘लिट’. फ्रान्सच्या मोबिपॉकेटने ‘मोबी’ आणले. सोनीने आपल्या वाचनयंत्रासाठी वेगळाच फॉरमॅट काढला. प्रत्येकाचे दुकान वेगळे आणि प्रत्येकाची फाइल शेजारच्या यंत्रावर निरुपयोगी. २००६ मध्ये सोनीचे पीआरएस-५०० बाजारात आले तेव्हा त्याच्यासोबतचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नव्हते. कोविद गोयल हा भारतीय विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत होता आणि लिनक्स वापरत होता. त्याने स्वतःच बसून त्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम लिहिला. तोच वाढत वाढत ‘कॅलिबर’ झाला. जगभरचे लोक आज एका फॉरमॅटचे पुस्तक दुसऱ्यात नेण्यासाठी ते मोफत सॉफ्टवेअर वापरतात. विद्यार्थ्याची अडचण विद्यार्थ्यानेच सोडवल्याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नसेल. पण ते उदाहरण आहे म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने प्रोग्राम लिहावा अशी अपेक्षा कोणी धरू नये. सोनीने तो फॉरमॅट पुढे स्वतःच सोडला आणि आपले पुस्तकांचे दुकानही बंद केले.

या पसाऱ्याला शिस्त लावण्यासाठी प्रकाशक आणि तंत्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने २००७ मध्ये ‘ईपब’ हे खुले प्रमाण जाहीर केले. ईपब म्हणजे वेबपानांसारखी पाने, चित्रे आणि अनुक्रमणिका एका झिप पिशवीत बांधून ठेवणे. ती पिशवी कोणीही सोडावी, वाचावी, तिच्यासाठी वाचक-सॉफ्टवेअर लिहावे, कोणाची परवानगी लागत नाही. मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप बसतो, त्यामुळे फोनवर वाचताना पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागत नाही. २०११ च्या तिसऱ्या आवृत्तीत गणिती सूत्रे, ध्वनी आणि दृष्टिहीनांसाठीच्या सोयी आल्या. २०१७ पासून वेबचे प्रमाण सांभाळणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्थाच ईपबचेही काम पाहते.

आणि त्याच २००७ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनचे किंडल आले. मोबिपॉकेट ही कंपनी अ‍ॅमेझॉनने २००५ मध्येच विकत घेतली होती, किंडलचा फॉरमॅट तिच्यातूनच निघाला. सगळे ईपबकडे वळत असताना सर्वांत मोठे दुकान वेगळ्या वाटेने गेले. २०२२ पासून अ‍ॅमेझॉन वाचकाने पाठवलेली ईपब फाइल स्वीकारून आपल्या फॉरमॅटमध्ये बदलून देते, पण तिथून विकत घेतलेले पुस्तक बाहेर नेण्याची वाट अरुंदच होत गेली. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये काढून घेण्यात आली. किंडलचे अ‍ॅप विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी आहे, लिनक्ससाठी नाही. लिनक्सवाल्याने ब्राउझर उघडायचा.

फॉरमॅट खुला झाला की प्रश्न मिटला, असे मात्र झाले नाही. दुकानात ‘ईपब’ लिहिलेले पुस्तक विकत घ्यावे आणि ते ईपब वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडू नये, हा अनुभव नेहमीचा आहे, कारण पिशवी खुली असली तरी तिच्या तोंडाला कुलूप असते. अनेक प्रकाशक आणि विद्यापीठांची ग्रंथालये यासाठी अ‍ॅडोबीचे कुलूप वापरतात. ते उघडण्यासाठी ‘अ‍ॅडोबी डिजिटल एडिशन्स’ घ्यावे लागते आणि त्याची आवृत्ती विंडोज आणि मॅकसाठी आहे, लिनक्ससाठी निघालेली नाही. ग्रंथालयाने पैसे भरलेले असतात, पुस्तक खुल्या प्रमाणात असते आणि तरीही विद्यार्थ्यासमोर बंद दार असते. शिवाय हे कुलूप वाचणाऱ्यावर नजरही ठेवू शकते. २०१४ मध्ये याच सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वाचकाने कोणते पुस्तक, कोणते पान उघडले याची माहिती कंपनीच्या सर्व्हरकडे, तीही सांकेतिक न करता, पाठवत असल्याचे उघड झाले. कंपनीला दुरुस्ती करावी लागली.

कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते याचा अर्थ काय, ते जुलै २००९ मध्ये कळले. अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती, हक्कांचा घोळ लक्षात आल्यावर, लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या. त्यांत ‘१९८४’ होते. मिशिगनमधला एक शाळकरी मुलगा ते पुस्तक अभ्यासासाठी वाचत होता, त्याच्या टिपणांना संदर्भच उरला नाही. पैसे परत मिळाले, पण उन्हाळ्यातली मेहनत पैशांनी परत येत नाही. खटला झाला, १ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवण्यात आला. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत तर हे दोनदा घडले. ‘लिट’ फाइलींचे रीडर २०१२ मध्ये बंद झाले. पुढे कंपनीने आपल्या दुकानात पुन्हा ई-पुस्तके विकायला घेतली आणि एप्रिल २०१९ मध्ये तो विभागही आटोपला. विकत घेतलेली पुस्तके जुलैपासून उघडेनाशी झाली. किंमत परत केली गेली आणि ज्यांनी पुस्तकात टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर देण्यात आले. अभ्यासकाने समासात केलेल्या खुणांची ही किंमत!

शालेय पुस्तकांच्या क्षेत्रात अ‍ॅपलने जानेवारी २०१२ मध्ये मोठी झेप घेतली. ‘आयबुक्स ऑथर’ हे साधन मोफत दिले, चित्रे हलतात, आकृती फिरवता येतात अशी सुंदर पुस्तके त्यात बनत. मॅकग्रॉ-हिल, पिअर्सन यांसारखे प्रकाशक सोबत होते. पण ते साधन फक्त मॅकवर चालायचे, तयार झालेले पुस्तक सुरुवातीला फक्त आयपॅडवर उघडायचे, आणि ते विकायचे तर फक्त अ‍ॅपलच्या दुकानातून, अशी अट होती. ज्या शिक्षकांनी रात्री जागून त्यात पुस्तके रचली त्यांची मेहनत त्या कुंपणात राहिली. २०२० मध्ये अ‍ॅपलने ते साधन बंद केले. शिक्षकाने साधन निवडताना पाच-सात वर्षांचा विचार तरी करायला हवा, आणि बंद फॉरमॅट त्याला तो करू देत नाही.

या प्रश्नाची धार सर्वांत स्पष्ट दिसली ती दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या लढ्यात, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने मोठ्या पडद्याचे ‘किंडल डीएक्स’ काढले आणि अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी पाठ्यपुस्तकांसाठी त्याचा प्रयोग करायचे ठरवले. अ‍ॅरिझोना स्टेट, प्रिन्स्टन, केस वेस्टर्न रिझर्व्ह, रीड, पेस ही त्यांतली नावे. किंडलमध्ये पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय होती. पण ती सुरू करण्यासाठी ज्या मेन्यूतून जावे लागे तो मेन्यू बोलत नव्हता. म्हणजे ज्याला ऐकून वाचायचे आहे त्याने आधी डोळ्यांनी पाहून बटण शोधायचे. त्याआधी याच सोयीवर अमेरिकेतल्या लेखक-संघटनेने आक्षेप घेतला होता, आणि अ‍ॅमेझॉनने कोणत्या पुस्तकात ती चालू ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार प्रकाशकांना देऊन टाकला होता. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड आणि अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड या संघटनांनी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठावर दावा लावला. जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. इतर विद्यापीठांनी न्याय खात्याशी करार केले, की दृष्टिहीनांना पूर्णपणे वापरता येईपर्यंत हे यंत्र वर्गात नेमणार नाही. जून २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय आणि शिक्षण खात्यांनी सर्व महाविद्यालयांच्या प्रमुखांना पत्र पाठवून हाच दंडक सांगितला.

या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की जबाबदारी यंत्र बनवणाऱ्यावर थांबली नाही, ते नेमणाऱ्यावर आली. कंपनीने काय विकावे हे कंपनी ठरवील, पण शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्यावर काय लादावे याला मर्यादा आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मान्य झालेले हे तत्त्व लिनक्सच्या, जुन्या विंडोजच्या किंवा नुसत्या फोनच्या विद्यार्थ्यालाही लागू व्हायला हवे. दोघांच्या अडचणीत फरक आहे हे मान्य, पण नेमणाऱ्याचे कर्तव्य तेच आहे.

याला सध्या दिले जाणारे उत्तर म्हणजे ब्राउझर. फाइल देऊच नये, पुस्तक वेबवर उघडावे, म्हणजे विंडोज असो की लिनक्स, फरक पडत नाही. हे अर्धे उत्तर आहे. यंत्राचे भांडण मिटते, पण नेटवर्कचे सुरू होते. वसतिगृहात वीज गेली, गावात रेंज नाही, महिन्याचा डेटा संपला, की पुस्तक नाही. आणि वर्गणी संपली की ग्रंथालयाच्या कपाटातून पुस्तकही जाते. २०२२ च्या ऑगस्ट अखेरीस वायली या प्रकाशनसंस्थेने विद्यापीठांच्या ग्रंथालयांना मिळणाऱ्या एका संचातून १,३०० हून अधिक ई-पुस्तके काढून घेतली, तीही शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर. ग्रंथपालांनी आणि प्राध्यापकांनी ओरड केल्यावर ती काही काळासाठी परत आली. ब्रिटनमधल्या ग्रंथपालांनी तर करोनाकाळात ई-पुस्तकांच्या किमती आणि अटींविरुद्ध जाहीर मोहीमच चालवली. कागदी पुस्तक एकदा कपाटात आले की प्रकाशक ते परत मागायला येत नाही, याची जाण त्यांना होती.

प्रकाशकांची बाजूही ऐकली पाहिजे. एक पाठ्यपुस्तक तयार करायला लेखक, संपादक, चित्रकार, तज्ज्ञ यांची काही वर्षे जातात आणि एक कुलूप नसलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात एका संध्याकाळी हजारोंकडे पोहोचते. मराठीत ही भीती अधिक खरी आहे, कारण आवृत्ती लहान असते आणि प्रकाशकाला तोटा सोसण्याची ताकद कमी असते. मराठी ई-पुस्तके विकणाऱ्यांनी आपापल्या अ‍ॅपमध्ये पुस्तके बंद ठेवली ती या धास्तीने. पण कुलपाने चोरी थांबली आहे का? कुलूपबंद पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ प्रत्येक कॉलेजच्या गटात फिरतात, आणि पैसे भरून घेतलेला विद्यार्थीच अडकून पडतो. कुलूप लावायचेच असेल तर किमान ते एका कंपनीच्या मेहेरबानीवर नसावे. ‘रीडियम एलसीपी’ या नावाची व्यवस्था युरोपात वापरात आहे. तिचा तपशील प्रसिद्ध आहे, अनेक वाचक-सॉफ्टवेअरना ती वापरता येते, आणि पॅरिसच्या ईडीआरलॅबचे ‘थोरियम’ हे मोफत वाचक विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती पुस्तके उघडते, दृष्टिहीनांना वापरता येते. काही प्रकाशक कुलूप न लावता फक्त खरेदीदाराचे नाव पानावर उमटवतात. शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांसाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणे हेच बेकायदा ठरवले, हेतू हक्कभंगाचा नसला तरी. २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरला लास व्हेगासमध्ये परिषदेत भाषण झाल्यावर अटक झाली, कारण त्याच्या कंपनीचे सॉफ्टवेअर अ‍ॅडोबीच्या ई-पुस्तकांचे कुलूप काढत होते. पुढच्या वर्षी डिसेंबरात ज्युरीने त्या कंपनीला निर्दोष ठरवले. ई-पुस्तक मोठ्याने वाचून घेण्यासाठी कुलूप काढण्याची सूट तिथे २००३ मध्ये मिळाली, पण अशा सवलती दर तीन वर्षांनी नव्याने मागाव्या लागतात.

आपला कॉपीराइट कायदा यापेक्षा शहाणा आहे, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडले तरच. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी ते काढायला मज्जाव नाही. त्याच दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलून देण्याची मुभा दिली. दृष्टिहीनांसाठी पुस्तके देशोदेशी पाठवता यावीत म्हणून २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आणि छायाप्रतींबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल आहेच. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दावा लावला होता. नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून विद्यार्थ्यांना देणे हे शिक्षणाचेच अंग आहे, असे न्यायालयाने मानले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला मागे घेतला. कागदावर विद्यार्थ्याला मिळालेला हा हक्क कुलूपबंद ई-पुस्तकात कागदावरच राहतो. हक्क आहे, पण तो बजावायला प्रकरण कॉपी करता आले पाहिजे आणि सॉफ्टवेअर ते करू देत नाही.

आता मराठीकडे येतो. आपल्याकडे पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली झाली आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने आपली पुस्तके पीडीएफ रूपात मोफत उपलब्ध केली आहेत. कुलूप नाही, दुकान नाही, विशिष्ट यंत्राची अट नाही. पुस्तकांत छापलेल्या क्यूआर कोडमधून दीक्षा या राष्ट्रीय व्यासपीठावरचे साहित्य उघडते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपले अनेक ग्रंथ असेच खुले केले. पैसेवाल्या देशांतल्या पुष्कळ मुलांना हे सुख नाही, ते आपल्या सरकारी संस्थांनी दिले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण पीडीएफ ही शेवटची पायरी नव्हे. ते छापील पानाचे चित्र आहे. मोठ्या आकाराचे पान सहा इंची फोनवर दोन बोटांनी ताणत, ओळीच्या शेवटापर्यंत सरकवत वाचायचे, पुन्हा मागे यायचे. धडा संपेपर्यंत मूल थकते. याहून खोलवरची अडचण अक्षरांची आहे. मराठी डीटीपीची सुरुवात झाली तेव्हा प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेतांक देणारे युनिकोड हाताशी नव्हते. ‘इस्की’ ही प्रमाण पद्धत तयार झाली, १९९१ मध्ये ती भारतीय मानकही झाली, पण छपाईच्या दुकानांत राज्य होते ते फॉन्ट-पॅकेजांचे. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशी कितीतरी नावे. यांतल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसे, संगणकाच्या लेखी तो एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे. प्रत्येक पॅकेजची मांडणी निराळी, त्यामुळे एका दुकानात जुळवलेला मजकूर दुसऱ्या दुकानात नेला की अक्षरे फुटत. काही पॅकेजे तर संगणकाला डाँगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय चालत नसत. ई-पुस्तकाच्या कुलपाची चर्चा इंग्रजीत सुरू होण्याच्या आधीपासून मराठी मजकूर कुलपात होता.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती सामान्य संगणकावर आली. तरी छापखान्यांत जुने फॉन्ट वर्षानुवर्षे चालत राहिले, काही ठिकाणी आजही चालतात. अशा फाइलीचे पीडीएफ केले की डोळ्यांना निर्दोष मराठी दिसते. त्यात शब्द शोधायला जा, सापडत नाही. ओळ कॉपी करा, इंग्रजी अक्षरांचा कचरा हाती येतो. एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर ज्या दृष्टिहीन मुलीच्या संगणकावर आहे, तिला ते तोच कचरा वाचून दाखवते. युनिकोडमध्ये जुळवले तरी धोका संपत नाही. पीडीएफ अक्षरांचे आकार ठेवते, आणि ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढली जाते म्हणून कॉपी करताना ती क-च्या आधी येऊन बसते, जोडाक्षरे आणि रफार तुटतात. पीडीएफ बनवताना मूळ मजकूर सोबत जतन केला तर हे टळते, पण त्यासाठी काम सांगणाऱ्याने ते मागावे लागते.

ईपबमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच राहतो. फाइलीत भाषा मराठी आहे एवढे नोंदवले आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ‘ल’ आणि ‘श’ सुद्धा हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाने दिसतात. पहिलीच्या मुलाला वहीत एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसरा ‘ल’ दिसू नये, ही काही मोठी मागणी नाही. अ‍ॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तके आणली, त्याने मराठी वाचकाला लाभ झालाच. पण पाठ्यपुस्तकाचा पाया एका दुकानावर घालता येत नाही.

हे सगळे जमू शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळने आपल्या सरकारी शाळांतले संगणक गेली अनेक वर्षे लिनक्सवर चालवले आहेत. ‘काइट’ ही सरकारी कंपनी शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना त्यात शिकवते. राज्यानेच लिनक्स निवडल्यावर लिनक्सवर न उघडणारे साहित्य शाळेत येण्याचा प्रश्न उरत नाही. भारत सरकारचे खुल्या प्रमाणांचे धोरण २०१० पासून आहे, पण ते ई-प्रशासनासाठी आहे. पाठ्यपुस्तकांना ते लागू करायला कोणी अडवलेले नाही. अमेरिकेत राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने २०१२ पासून महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके मोफत आणि वेबवर खुली ठेवली. युरोपात २८ जून २०२५ पासून नवी ई-पुस्तके अपंगांना वापरता येतील अशीच असावीत, असा कायदा लागू झाला आहे. गणिताच्या सूत्रांची जुनी रडही कमी झाली, कारण २०२३ पासून क्रोम ब्राउझर ती खुल्या पद्धतीने दाखवू लागला.

तेव्हा विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आणि कॉलेजांच्या ग्रंथपालांना माझे सांगणे आहे. ई-पुस्तक नेमण्याआधी किंवा वर्गणी भरण्याआधी करारात चार गोष्टी लिहून घ्या. ते विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड तिन्हींवर उघडले पाहिजे. नेटशिवाय वाचता आले पाहिजे. स्क्रीन रीडरने ते मराठीत वाचले पाहिजे. सत्राच्या मध्यात ते काढून घेता येणार नाही. यातली एकही अट महागडी नाही, आणि पुस्तके घेणारे तुम्हीच असल्यामुळे ती घालण्याची ताकद तुमच्याकडे आहे. बालभारतीनेही पीडीएफच्या जोडीने ईपब द्यावे, निदान पहिली ते दहावीच्या भाषेच्या पुस्तकांपासून सुरुवात करावी.

आणि वाचकांना एक विनंती. आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या पाठ्यपुस्तकाचे पीडीएफ आज उघडा, त्यातली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि फोनवरच्या संदेशात चिकटवा. मराठी उमटले तर उत्तम. नाही उमटले तर ती ओळ, पुस्तकाचे नाव आणि पानाचा क्रमांक लिहून प्रकाशकाला पाठवा.